मागून आणलेला कॅमेरा

पाण्याखालचे फोटो काढण्याचा नाद आम्हा दोघांना पन्नाशीच्या उंबरठ्यावर लागला. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. समुद्र दारातच, आणि घरातल्या मागच्या दोन पिढ्यांनी जहाजावर नोकऱ्या केलेल्या. तरीही त्या समुद्रात डोके घालून आत काय आहे ते पाहावे, असे आमच्या घरात कुणाला सुचले नव्हते. समुद्र म्हणजे मासळी, पगार आणि काळजी. ते सुचले जेद्दाहला नोकरी करणाऱ्या मामूला. आमच्यापैकी एकीचा तो धाकटा भाऊ, दुसऱ्याचा मेव्हणा आणि मुलांचा मामू. म्हणून इथे त्याला मामूच म्हणतो.

मामू लाल समुद्रात डायव्हिंग शिकला आणि सुट्टीवर आला की फोटो दाखवू लागला. सूरह रहमान आम्ही लहानपणापासून पढत आलो. त्यातल्या मरजानचा अर्थ बहुतेक भाषांतरांत पोवळे असा दिलेला असतो, एवढेच आम्हांला माहीत होते. ते पोवळे जिवंत असताना झाडासारखे पसरते, त्याच्या फांद्यांमधून नारिंगी मासे ये-जा करतात, हे आम्ही पहिल्यांदा मामूच्या लॅपटॉपवर पाहिले. आमच्या अम्मींनीही चष्मा लावून पाहिले आणि म्हणाल्या, "अल्लाहची कुदरत! पण तस्वीर कशाला काढायची? पाहून यायचं ना." कॅमेऱ्याच्या फोटोबद्दल आलिमांमध्ये मतभेद आहेत, त्या वादात आम्ही इथे शिरत नाही. आमच्या घरापुरता एक नियम तेव्हाच ठरला आणि तो अजून आहे: मासे, पोवळे, कासव यांचे फोटो हवे तेवढे काढा, पण पाण्यात पोहणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या आया-बहिणी चौकटीत आल्या तर तो फोटो होडीतच पुसून टाकायचा.

त्या वर्षी परत जाताना मामू आपला कॅमेरा आणि त्याची पाण्याची पेटी आमच्याकडे ठेवून गेला. या पेटीला हाउसिंग म्हणतात. "आपा, दुलाभाई, मालवणला जाणार आहात ना? घेऊन जा. पुढच्या सुट्टीला आलो की नेईन." कॅमेरा चांगला होता, पण साधा, म्हणजे स्वतः पाणी सहन न करणारा. सगळा भरवसा त्या पॉलिकार्बोनेटच्या पेटीवर. पेटीच्या झाकणाला रबरासारखी एक गोल रिंग असते, तिला ओ-रिंग म्हणतात. झाकण बंद केले की ती दाबली जाते आणि पाणी अडते. कॅमेरा आणि समुद्र यांच्यामध्ये ती एकच रिंग. मामूने फोनवर तीन वेळा बजावले होते: रिंग साफ करून, उजेडात तपासून, पेटी घरीच बंद करा, आणि पहिल्यांदा आत कॅमेरा न ठेवता नुसता टिशू पेपर ठेवून बादलीत बुडवून बघा.

डिसेंबरात आम्ही मालवणला गेलो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर पोवळी आहेत. या भागाला १९८७ पासून सागरी अभयारण्याचा दर्जा आहे. आदल्या रात्री आम्ही टिशूची चाचणी केली, टिशू कोरडा निघाला, खूश झालो. आणि सकाळी, होडीत बसल्यावर, बॅटरी पूर्ण भरली आहे ना एवढे पाहण्यासाठी पेटी पुन्हा उघडली. वाऱ्यात, मांडीवर ओला टॉवेल, होडी हलते आहे, अशा स्थितीत परत बंद केली. रात्रीच्या चाचणीला त्यानंतर काही अर्थ उरला नव्हता, हे तेव्हा डोक्यात आले नाही.

स्नॉर्केल लावून आम्ही पाण्यात उतरलो. जेमतेम दीड मीटर खोल. चार-पाच फोटो काढले असतील, तेवढ्यात पेटीच्या कडेने साखळीसारखे बारीक बुडबुडे निघताना दिसले. मग काचेवर धुके, आणि मग आत चमचाभर पाणी हलताना दिसले. आम्हांला वाटत असे की पेटीत पाणी शिरते ते खोल गेल्यावर. तसे नसते. दर १० मीटरला एक वातावरणाइतका दाब वाढतो आणि तो दाबच झाकणाला रिंगवर घट्ट बसवतो. वरच्या एक-दोन मीटरमध्ये दाब कमी, त्यामुळे रिंगमध्ये खोट असेल तर पाणी पुष्कळदा तिथेच शिरते. आमच्यासारख्या वरवर पोहणाऱ्यांनी म्हणूनच जास्त जपावे लागते.

पुढच्या दोन मिनिटांत आम्ही जे करू नये ते सगळे केले. पेटी अशी धरायला हवी होती की पाणी कॅमेऱ्यापासून लांबच्या भागात साचेल. बहुतेक पेट्यांमध्ये ती जागा पुढच्या काचेकडे असते, म्हणजे काच खाली. आम्ही घाबरून काच वर करून धरली. सगळे पाणी बटणांवर गेले. होडीत आल्यावर आधी बॅटरी काढायची, कारण खारे पाणी आणि वीज एकत्र आले की आतले धातू तत्काळ खराब होऊ लागतात. आम्ही बॅटरी काढली नाही, उलट चालू होतो का पाहायला बटण दाबले. तो एकदा लुकलुकला आणि गेला. रिंग पाहिली तर तिच्यावर आडवा एक केस चिकटलेला. आखूड आणि पांढरा. कुणाचा, यावर वाद घालायची सोय नव्हती. आमच्यापैकी दाढी एकालाच आहे.

मगरीबची नमाज होईपर्यंत जेद्दाहला फोन करायचा धीर झाला नाही. शेवटी लावला. सगळे सांगितले. मामू थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "कॅमेऱ्याचं जाऊ दे. कार्ड?"

दोन वर्षांपूर्वी अब्बा उमराहला गेले होते तेव्हा काही दिवस मामूकडे जेद्दाहला राहिले होते. एका संध्याकाळी मामूने त्यांना समुद्रावर नेले. अब्बांनी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे राहण्याची हौस भागवून घेतली. मामूने कॅमेरा पाण्यात धरून त्यांच्या पायांभोवती जमलेल्या बारीक माशांचे चित्रीकरण केले. वरून अब्बांचे हसणे ऐकू येते, पेटीमुळे दबलेले, पण ओळखू येईल असे. पुढच्याच वर्षी अब्बा अल्लाहला प्यारे झाले. ते चित्रीकरण त्या कार्डावर होते आणि त्याची दुसरी प्रत मामूने केली नव्हती. करू कधीतरी, असे म्हणून राहून गेले होते. आम्हांला हे माहीतच नव्हते. आम्ही त्याच कार्डावर आमचे फोटो काढत होतो.

कार्ड आम्ही गोड्या पाण्यात हलक्या हाताने धुतले, कापडाने टिपले आणि सावलीत ठेवले. कुणी सांगितले तांदळात घाला, कुणी हेअर ड्रायर सांगितला. आम्ही दोन्ही केले नाही. तांदळाची भुकटी खाचेत जाते आणि गरम हवेने प्लास्टिक वाकते. त्या रात्री आमच्यापैकी एकीने तहज्जुदला उठून त्या कार्डासाठी दुआ मागितली, हे सांगायला संकोच वाटत नाही. संपूर्ण एक दिवस थांबून, रत्नागिरीला परत आल्यावर, ते लॅपटॉपला लावले. या कार्डांमध्ये हलणारा भाग नसतो आणि आतले सगळे प्लास्टिकमध्ये बंद असते, त्यामुळे पुष्कळदा ती वाचतात. आमचे वाचले. अब्बांचे पाय दिसले, हसणे ऐकू आले. दोन वेगवेगळ्या ठिकाणी प्रती केल्या, मगच मामूला फोन केला. अल्हम्दुलिल्लाह.

कॅमेरा मात्र गेला तो गेलाच. दुरुस्तीवाल्याने उघडून आतली हिरवट बुरशी दाखवली. भरपाईची रक्कम पाठवतो म्हटल्यावर मामू रागावला, "बहिणीकडून पैसे घेऊ?" आम्ही मशिदीतल्या मौलानांना विचारले. त्यांनी सांगितले की मागून आणलेल्या वस्तूबद्दल मजहबांमध्ये फरक आहे. हनफी मतानुसार हलगर्जी झाली नसेल तर भरपाई लागत नाही. आपल्या शाफई मतानुसार वस्तू गेली तर ती भरून द्यावी लागते. मालकाने ज्या कामासाठी दिली त्या वापरानेच ती झिजली तर गोष्ट वेगळी. "आणि तुमच्या बाबतीत," ते आमच्यापैकी एकाच्या दाढीकडे पाहून म्हणाले, "होडीत पेटी उघडली ही हलगर्जीच. दोन्ही मतांनी द्यावे लागेल. मालकाने माफ केले तर तो त्याचा हक्क." मग त्यांनी हुनैनच्या वेळचा प्रसंग सांगितला. रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी सफवान इब्न उमय्या यांच्याकडून चिलखते उसनी घेतली होती आणि परत करण्याची हमी दिली होती. त्यातली काही हरवली तेव्हा त्यांनी भरपाई देऊ केली. सफवान यांनी ती घेतली नाही. देऊ करणे आधी, माफ करणे नंतर, एवढे आमच्या ध्यानात राहिले.

महिनाभर फोनवर ओढाताण चालली. शेवटी मामूनेच तोड काढली: पुढच्या सुट्टीत सगळ्यांनी लक्षद्वीपला जायचे, त्याचा खर्च आमच्याकडे, उरलेले त्याने माफ केले. तसे त्याने अम्मींच्या समोर तोंडाने म्हटले. आम्ही ते मान्य केले.

आता नवा कॅमेरा घ्यायचा होता, या वेळी स्वतःचा. पैसा मोजकाच, आणि छंदावर किती खर्च करावा, तो इसराफ कधी होतो, हा प्रश्न घरात रीतसर चर्चेला आला. सहा महिने बाजूला टाकलेल्या रकमेत जे बसेल तेच घ्यायचे ठरले. दुकानात गेल्यावर मोह पडतो तो मोठ्या कॅमेऱ्याचा. पण मोठ्या कॅमेऱ्याची अॅल्युमिनियमची पेटी कित्येकदा कॅमेऱ्याहून महाग पडते, आणि पेटी फक्त त्याच मॉडेलची असते; उद्या कॅमेरा बदलला की पेटी निकामी. सेकंडहँड पेटी स्वस्तात दिसली तर तिच्या रिंगा अजून मिळतात का, हे आधी विचारावे. मालवणनंतर आमचा निकष एकच होता: पेटीत पाणी शिरले तरी कॅमेरा मरता कामा नये. म्हणून ऑलिम्पसचा टीजी-६ घेतला. हा २०१९ मध्ये आला. २०२३ मध्ये ओएम सिस्टिम या नावाने टीजी-७ आला. हा कॅमेरा स्वतःच १५ मीटरपर्यंत पाणी सहन करतो, आणि त्याची पेटी घेतली तर ४५ मीटरपर्यंत जाता येते. दोन तटबंद्या. शिवाय तो अगदी एक सेंटिमीटरवरूनही स्पष्ट टिपतो, त्यामुळे पोवळ्याच्या तोंडाएवढी चीज मोठी दिसते. मुलांनी गोप्रो सुचवला होता; तोही पेटीशिवाय १० मीटरपर्यंत चालतो आणि चित्रीकरणाला उत्तम, पण जवळच्या बारीक गोष्टींसाठी आम्हांला तो पटला नाही.

टीजी-६ च्या बॅटरीच्या आणि केबलच्या दारांनाही रिंगा आहेत. केस तिथेही बसू शकतो.

फ्लॅश वेगळा घेतला नाही. पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी शोषला जातो. पाच मीटरच्या आसपास लाल मासा करडा दिसू लागतो. त्यावर उपाय म्हणजे बाजूला लांब दांड्यावर बसवायचा स्ट्रोब. तो लेन्सच्या जवळ असेल तर पाण्यातले कण उजळून फोटोत बर्फ पडल्यासारखे दिसते. स्ट्रोब महाग, वजनदार आणि आणखी दोन रिंगा असलेला. आम्ही वरवर पोहणारे, म्हणून ऊन हाच आमचा फ्लॅश. दुपारी ऊन डोक्यावर असताना ते सर्वांत खोल जाते. मामूचा एकच मंत्र: जवळ जा, आणखी जवळ जा. कॅमेरा आणि मासा यांच्यात जितके पाणी कमी, तितके रंग जास्त.

पेटी बंद करण्याची जागा आता ठरलेली आहे: खोली, पंखा बंद, पांढरी चादर, हात धुतलेले, दाढीवाल्याने लांब उभे राहायचे. रिंग काढताना पिन किंवा सुरी लावत नाही, ओरखडा पडतो. जुन्या एटीएम कार्डाचा कोपरा वापरतो. बोटांच्या चिमटीतून ती पूर्ण फिरवायची; कण असेल तर नजरेआधी बोटाला कळतो. सिलिकॉन ग्रीस लावायचे ते कंपनीने सांगितलेलेच, आणि चमक येईल इतकेच. जास्त ग्रीस म्हणजे जास्त सुरक्षा असे आम्हांला वाटे, प्रत्यक्षात ते केस आणि वाळू गोळा करते. शेजारी सिलिका जेलची पुडी. दमट हवेत बंद केलेली पेटी गार पाण्यात गेली की आतून काच धुकटते, म्हणून शक्य तर एसीच्या कोरड्या हवेत बंद करतो.

मास्कचेही तसेच. बुर्किनीच्या टोपीची कड मास्कच्या रबराखाली गेली की पाणी आत. मास्क थेट त्वचेवर बसायला हवा आणि टोपी त्याच्या वरून. पुरुषांच्या मिशांमुळे नाकाखालून पाणी येते. मिशा बारीक ठेवणे सुन्नत आहेच, इथे तिचा आणखी एक फायदा दिसला.

लक्षद्वीपला जायला प्रवेश परवाना लागतो, त्याची खटपट आधीच सुरू करावी. कोचीहून आगत्तीला लहान विमान जाते, त्यात सामानाचे वजन मोजके. सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्येच न्यायच्या, मोठ्या सामानात नाही, आणि त्यांच्या टोकांवर चिकटपट्टी लावायची. १०० वॅट-तासांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. छोट्या कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या त्याच्या कितीतरी खाली असतात. डायव्हिंगच्या टॉर्चमधली बॅटरीही काढून ठेवायची, चुकून चालू झाला तर तो फार तापतो. पेटी विमानात घट्ट बंद करून नेऊ नये, दाब बदलतो. आम्ही रिंग काढून वेगळ्या डबीत ठेवतो. परदेशी जाणार असाल तर निघतानाच कस्टममध्ये साहित्य दाखवून निर्यात प्रमाणपत्र घ्या, नाहीतर परतताना हे इथलेच आहे हे पटवत बसावे लागते.

आगत्तीत उतरल्यावर घरी आल्यासारखे वाटले. भाषा मल्याळम वळणाची, आम्हांला एक अक्षर कळेना, पण लोक मुसलमान आणि आमच्यासारखेच शाफई. लगूनमध्ये हिरवी कासवे समुद्री गवत चरत असतात, गाईसारखी, मान हलवत. पहिल्या दिवशी आमच्यापैकी एकीने कासवाचे इतके फोटो काढले की कार्ड भरले. पोवळे मात्र सगळीकडे रंगीत नव्हते. २०२४ च्या उष्णतेत लक्षद्वीपची पुष्कळ पोवळी पांढरी पडली. काही ठिकाणी नुसता सांगाडा आणि त्यावर शेवाळ. तेही आम्ही टिपले. किनाऱ्यावर पडलेला तुकडा मुलीने उचलला तो परत ठेवायला लावला. कठीण पोवळ्यांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, तुकडाही नेता येत नाही.

एक गोष्ट तिथे शिकलो. कॅमेरा समुद्रातून आल्यावर मीठ वाळण्याआधी अर्धा तास गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचा आणि पाण्यातच सगळी बटणे दाबायची, हे आम्ही घरी बेफिकीर करत असू. या बेटांवर गोडे पाणी जमिनीखाली पातळ थरात असते. कवरत्तीला तर २००५ पासून समुद्राच्या पाण्यातून गोडे पाणी करण्याचा प्रकल्प आहे. तिथे नळ सोडून धुणे जिवावर येते. म्हणून एक बादली: आधी कॅमेरा, मग मास्क, मग पंख, मग पाय. वुजू समुद्राच्या पाण्यानेही होते, कॅमेऱ्याचे तसे नाही.

विमानाच्या आदल्या दिवशी सकाळी मामू शेवटची डाइव्ह करणार होता. सलग काही दिवस डायव्हिंग केल्यावर किमान १८ तास विमानात बसू नये असे सांगतात, म्हणून सकाळचीच वेळ. त्याच्या नव्या कॅमेऱ्याची बॅटरी चार्ज झाली नव्हती. तो आमच्या दारात उभा राहिला, जरा अवघडून. "आपा, तुमचा नेऊ का?"

आम्ही पेटी खोलीतच बंद करून दिली. त्याने ती हातात घेतली, फिरवून पाहिली आणि गेला.

जुहरच्या आधी तो आला. कॅमेरा लगेच दिला नाही. बादलीत ठेवला, बटणे दाबली, सावलीत वाळवला. मग चादरीवर मांडून दिला: पेटी उघडी, रिंग स्वच्छ रुमालावर, बॅटरी वेगळी, कार्ड डबीत. "बघून घ्या," म्हणाला. त्याची मस्करी नव्हती. आम्ही मोबाईलचा टॉर्च लावून रिंग बोटांतून पूर्ण फिरवली. एका जागी वाळूचा कण लागला. तो काढला, पुन्हा फिरवली.

"कार्ड उतरवलं का?" मामूने विचारले.

मुलीने लॅपटॉप आधीच उघडून ठेवला होता.